रूट अधिकाराशिवाय सोलारिस १० वर नवे जीसीसी: बिल्ड झाले, पण तयार प्रोग्रॅम इतरांकडे चालत नाही

स्पार्क_वापरकर्ता (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या प्रयोगशाळेत सन अल्ट्रा ४५ हे वर्कस्टेशन असून त्यावर सोलारिस १० चालते. एका मोजमाप उपकरणाचा ड्रायव्हर फक्त याच प्रणालीसाठी उपलब्ध असल्यामुळे मशीन बदलणे शक्य नाही. त्या उपकरणाकडून येणाऱ्या माहितीवर प्रक्रिया करणारा प्रोग्रॅम मात्र मला सी प्लस प्लस १४ मध्ये लिहायचा आहे. मशीनवर /यूएसआर/एसएफडब्ल्यू/बिन मध्ये जीसीसी या कंपायलरची (सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाची) ३.४.३ ही आवृत्ती आहे आणि ते या कामाला अर्थातच पुरेसे नाही. रूटचा पासवर्ड मला मिळणार नाही. मशीन अनेकांच्या वापरात आहे, तेव्हा तो मिळू नये हेच मला योग्य वाटते. म्हणून जीसीसी ५.५ सोर्सपासून कंपाइल करून स्वतःच्या होम डिरेक्टरीत बसवायचे असे मी ठरवले.

जीसीसीला जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन लायब्ररी लागतात. त्या आधी स्वतंत्रपणे बिल्ड करून होम डिरेक्टरीतील टूल्स/लिब मध्ये बसवल्या. त्यानंतर जीसीसीच्या कॉन्फिगर स्क्रिप्टने या लायब्ररी सापडत नाहीत अशी तक्रार केली. कॉन्फिग.लॉग उघडून पाहिले तेव्हा त्यात 'राँग ईएलएफ क्लास' अशी ओळ होती, म्हणजे जीएमपीने आपल्या मर्जीने ६४ बिटांची लायब्ररी तयार केली होती आणि जीसीसीला ३२ बिटांची हवी होती. जीएमपीच्या कॉन्फिगरला एबीआय=३२ असे सांगून तिन्ही लायब्ररी पुन्हा बिल्ड केल्यावर तो अडथळा दूर झाला. पुढे बिल्ड बराच वेळ चालल्यानंतर 'कॅनॉट कम्प्यूट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स' या संदेशावर थांबले. इंटरनेटवर शोधल्यावर सापडलेल्या सल्ल्यानुसार .प्रोफाइल मध्ये, म्हणजे लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या माझ्या सेटिंगच्या फाइलमध्ये, एलडी_लायब्ररी_पाथ या व्हेरिएबलमध्ये टूल्स/लिब घातले आणि मग बिल्ड शेवटपर्यंत गेले.

आता स्थिती अशी आहे की माझा प्रोग्रॅम माझ्या लॉगिनमधून व्यवस्थित चालतो, परंतु सहकाऱ्याने त्याच मशीनवर स्वतःच्या लॉगिनमधून तीच फाइल चालवली की लिबएसटीडीसी++.एसओ.६ ही सी++ ची लायब्ररी उघडता आली नाही असे सांगून ती लगेच बंद पडते. दुसरीकडे, आमच्या विभागाचा एक ६४ बिटांचा प्रोग्रॅम, जो आजवर सर्वांकडे चालत होता आणि इतरांकडे अजूनही चालतो, तो माझ्या शेलमधून सुरू केला की 'राँग ईएलएफ क्लास: ईएलएफक्लास३२' असे म्हणून थांबतो. तिसरी गोष्ट तुलनेने लहान आहे, पण तिच्यामुळे माझा गोंधळ वाढला: 'विच जीसीसी' विचारले तर जुन्या कंपायलरचा पाथ दिसतो आणि 'जीसीसी --व्हर्जन' विचारले तर ५.५ असे उत्तर येते.

सहकाऱ्याच्या .प्रोफाइल मध्येही तेच व्हेरिएबल घातले की त्याचे काम होईल हे मला कळते. परंतु तोच मार्ग योग्य आहे का? रूट अधिकार नसताना ही सगळी मांडणी करण्याची शिस्तशीर पद्धत कोणती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

---

जुना_लिंकर

सहकाऱ्याच्या .प्रोफाइल ला कृपया हात लावू नका, आणि आपल्या .प्रोफाइल मधूनही ती ओळ आजच काढून टाका. आपण सांगितलेल्या पहिल्या दोन अडचणींचे आणि त्या 'सफिक्स'च्या संदेशाचे मूळ एकच आहे, म्हणून आधी ते नीट पाहू.

लिंक करताना, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी जोडून प्रोग्रॅम तयार करताना, आपण -एल या पर्यायाने लायब्ररी कुठे आहे ते सांगतो, पण ते सांगणे फक्त त्या क्षणापुरते असते. तयार झालेल्या प्रोग्रॅममध्ये लिंकर केवळ लायब्ररीचे नाव नोंदवतो. ती कोणत्या डिरेक्टरीतून घेतली हे नोंदवत नाही. प्रोग्रॅम चालवण्याच्या वेळी एलडी.एसओ.१ हा लोडर ती लायब्ररी नव्याने शोधतो, आणि तो प्रथम एलडी_लायब्ररी_पाथ पाहतो, मग प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये रनपाथ (लायब्ररी कोणत्या डिरेक्टरींत शोधावी याची यादी) नोंदवलेला असल्यास तो पाहतो, आणि शेवटी /लिब आणि /यूएसआर/लिब या ठरलेल्या जागा पाहतो. आपल्या प्रोग्रॅममध्ये रनपाथ नाही. म्हणून ज्याच्या शेलमध्ये ते व्हेरिएबल आहे त्याच्याकडेच तो चालतो.

'सफिक्स'चा संदेश फसवा आहे, कारण सफिक्सशी त्याचा काहीही संबंध नसतो. जीसीसी स्वतःला बिल्ड करताना आधी नवा कंपायलर तयार करते आणि मग त्याच नव्या कंपायलरने लिबजीसीसी कंपाइल करू पाहते. त्या वेळी सीसी१ हा मूळ कंपायलर प्रोग्रॅम सुरूच होऊ शकला नाही, कारण त्याला लागणारी एमपीसी किंवा जीएमपीची .एसओ फाइल (प्रोग्रॅम चालताना जोडली जाणारी लायब्ररी) लोडरला सापडली नाही. कॉन्फिगरला मात्र इतकेच कळले की एक रिकामा प्रोग्रॅमसुद्धा कंपाइल होत नाही. असा संदेश आला की बिल्ड डिरेक्टरीतील स्पार्क-सन-सोलारिस२.१०/लिबजीसीसी मधला कॉन्फिग.लॉग उघडावा. खरे कारण तिथे शब्दशः लिहिलेले असते.

एलडी_लायब्ररी_पाथ ने ते झाकले गेले, पण हे व्हेरिएबल त्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला लागू होते. आपल्या विभागाचा ६४ बिटांचा प्रोग्रॅम सुरू होताना लोडरने त्याच्या स्वतःच्या रनपाथच्या आधी आपली टूल्स/लिब पाहिली, तिथे हव्या त्या नावाची पण ३२ बिटांची फाइल सापडली, आणि तो तिथेच थांबला. सोलारिसमध्ये एलडी_लायब्ररी_पाथ_३२ आणि एलडी_लायब्ररी_पाथ_६४ अशी वेगळी व्हेरिएबल आहेत आणि त्यांनी हे विशिष्ट भांडण मिटेलही. पण मग एखाद्या दिवशी दुसरा कोणी प्रोग्रॅम आपली नवी लायब्ररी उचलेल आणि त्रुटीचा संदेश न देता चुकीचे वागेल, आणि ते शोधायला फार अवघड असते. लायब्ररीचा पत्ता ज्या फाइलला लागतो त्या फाइलमध्येच असावा, वापरणाऱ्याच्या शेलमध्ये नसावा. पुढचे सर्व टप्पे याच एका नियमावर बेतलेले आहेत.

जीसीसी पुन्हा बिल्ड करा असे सांगताना मला संकोच वाटतो, कारण अल्ट्रा ४५ वर तीन टप्प्यांचे बूटस्ट्रॅप (कंपायलरने स्वतःलाच पुन्हा पुन्हा कंपाइल करणे) किती रेंगाळते याची मला कल्पना आहे. तरीही ते करावे. या वेळी तिन्ही लायब्ररी वेगळ्या बिल्ड करू नका. त्यांचे सोर्स जीसीसीच्या सोर्स डिरेक्टरीच्या आतच उलगडा आणि डिरेक्टरींची नावे आवृत्तीच्या आकड्याशिवाय, म्हणजे फक्त जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी अशी ठेवा. मग जीसीसीचे बिल्ड त्यांना आपल्याबरोबरच, योग्य बिटांसह कंपाइल करते आणि स्टॅटिक पद्धतीने सीसी१ मध्ये मिसळते. त्यामुळे ३२ आणि ६४ बिटांचा झगडा उरत नाही, 'सफिक्स'चा संदेश येत नाही आणि टूल्स/लिब मध्ये जीएमपीची मोकळी .एसओ फाइलही राहत नाही.

उलगडताना सोलारिसचा स्वतःचा टार वापरू नका; ग्नू टारच्या लांब नावांच्या नोंदी त्याला समजत नाहीत आणि तो 'डिरेक्टरी चेकसम एरर' देऊन अर्ध्यावर थांबतो. /यूएसआर/एसएफडब्ल्यू/बिन मध्ये जीटार आहे, तो घ्या. मेकच्या बाबतीतही तसेच: /यूएसआर/सीसीएस/बिन/मेक हा सनचा मेक आहे आणि जीसीसीला ग्नू मेक लागतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी जीमेक असेच टाइप करावे.

शेलबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. सोलारिस १० चा /बिन/एसएच हा जुना बोर्न शेल आहे आणि लिबएसटीडीसी++ चे कॉन्फिगर त्याच्यात अनेकदा बिघडते. जीसीसीच्या स्वतःच्या सूचनांमध्येच कॉन्फिग_शेल या व्हेरिएबलमध्ये /बिन/केएसएच घालून एक्सपोर्ट करण्याची शिफारस आहे. ती कॉन्फिगरच्या आधी पाळावी.

पाथचा क्रम बिल्डपुरता असा ठेवावा: आधी /यूएसआर/एसएफडब्ल्यू/बिन, मग /यूएसआर/एक्सपीजी४/बिन, मग /यूएसआर/सीसीएस/बिन आणि शेवटी /यूएसआर/बिन. एक्सपीजी४ पुढे ठेवण्याचे कारण असे की /यूएसआर/बिन मधील ऑक आणि ग्रेप जुन्या वळणाचे आहेत आणि आजच्या स्क्रिप्टना जे पर्याय अपेक्षित असतात त्यांतले काही त्यांना ठाऊकच नाहीत. /यूएसआर/यूसीबी पाथमध्ये अजिबात नसावे. तिथे सीसी नावाची फाइल आहे, पण तो कंपायलर नव्हे; सनचा खरा कंपायलर बसवलेला नसेल तर ती फक्त 'लँग्वेज ऑप्शनल सॉफ्टवेअर पॅकेज नॉट इन्स्टॉल्ड' असे उत्तर देते आणि कॉन्फिगर मात्र सीसी सापडला म्हणून आनंदाने पुढे जाते.

बिल्ड डिरेक्टरी सोर्सच्या बाहेर, वेगळी असावी. आपली होम डिरेक्टरी एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून सर्व्हरच्या डिस्कवर असेल तर बिल्ड स्थानिक डिस्कवर करावे, कारण सर्व्हरचे आणि वर्कस्टेशनचे घड्याळ थोडे जरी मागेपुढे असले तरी मेकला कोणती फाइल नवी आणि कोणती जुनी हे ठरवता येत नाही आणि तो 'क्लॉक स्क्यू'ची सूचना देत अर्धवट बिल्ड पूर्ण झाले असे मानतो. सोलारिसमध्ये /टीएमपी हे मेमरी आणि स्वॅपवर उभे असते, डिस्कवर नाही. मशीन इतरांच्याही वापरात आहे, तेव्हा टीएमपीडीआयआर या व्हेरिएबलमध्ये /व्हार/टीएमपी घालणे हे त्यांच्यावर उपकार केल्यासारखे होईल.

कॉन्फिगरला --प्रीफिक्स मध्ये आपल्या होममधील एक स्वतंत्र डिरेक्टरी द्या, उदाहरणार्थ टूल्स/जीसीसी-५.५. सगळे एकाच टूल्स डिरेक्टरीत मिसळू नका; पुढे आवृत्ती काढून टाकायची झाली तर एकच डिरेक्टरी पुसली की काम व्हावे. --एनेबल-लँग्वेजेस मध्ये फक्त सी आणि सी++ घ्या आणि --डिसेबल-एनएलएस द्या. लिंकर सनचाच ठेवा, म्हणजे --विदाउट-जीएनयू-एलडी आणि --विद-एलडी=/यूएसआर/सीसीएस/बिन/एलडी. आपल्याला ६४ बिटांचे प्रोग्रॅम कधीच तयार करायचे नसतील तर --डिसेबल-मल्टिलिब ने वेळ वाचतो, पण आपल्या विभागात ६४ बिटांचा प्रोग्रॅम आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून तो पर्याय देऊ नये असे माझे मत आहे.

आता आपला प्रोग्रॅम. तो लिंक करताना -डब्ल्यूएल,-आर, आणि त्यापुढे टूल्स/जीसीसी-५.५/लिब चा पूर्ण पाथ द्यावा. ६४ बिटांसाठी लायब्ररी त्याच लिब डिरेक्टरीच्या आत स्पार्कव्ही९ मध्ये असतात, हे लक्षात ठेवा. मग दोन तपासण्या करा. 'डंप -एलव्ही' ही आज्ञा प्रोग्रॅमच्या फाइलवर चालवली की रनपाथची ओळ दिसली पाहिजे. त्यानंतर 'एन्व्ह -आय' आणि पुढे प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ, अशी आज्ञा द्या. ही आज्ञा प्रोग्रॅमला पूर्ण रिकामे वातावरण देते, म्हणजे आपल्या .प्रोफाइल मधले काहीही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तिथे तो चालला तर सहकाऱ्याकडेही लायब्ररीवाचून अडणार नाही. अर्थात आपल्या होम डिरेक्टरीतील त्या लिबवर इतरांना वाचण्याची परवानगी हवी, आणि वरच्या प्रत्येक डिरेक्टरीवर प्रवेशाचीही.

'विच'चे कोडे सोपे आहे. सोलारिसवरील /यूएसआर/बिन/विच ही सी शेलची स्क्रिप्ट आहे आणि ती आपले .सीएसएचआरसी वाचून त्यातल्या पाथप्रमाणे उत्तर देते. आपण केएसएच किंवा बॅश वापरत असाल तर आपला खरा पाथ तिला माहीतच नसतो. त्याऐवजी शेलमधलीच 'टाइप जीसीसी' ही आज्ञा वापरावी.

---

पॅकेज_बांधणी

जुना_लिंकर यांच्या विवेचनात दुरुस्त करण्यासारखे काही नाही. मी फक्त दुसऱ्या एका मार्गाकडे लक्ष वेधतो, कारण कंपायलर ही सुरुवात असते. आज जीसीसी लागले, उद्या नवा जीडीबी, गिट, सीमेक, पायथन लागेल, आणि त्या प्रत्येकाच्या पाच-सहा लायब्ररी लागतील. हे सगळे हाताने सांभाळणे कष्टाचे आहे.

पीकेजीएसआरसी ही मूळची नेटबीएसडीची पॅकेज प्रणाली १९९७ पासून चालू आहे आणि ती सोलारिससह अनेक युनिक्स प्रणालींवर चालते. तिच्या बूटस्ट्रॅप स्क्रिप्टला --अनप्रिव्हिलेज्ड हा पर्याय आहे. तो दिला की ती रूट अधिकार न मागता सर्व काही आपल्या होममधील पीकेजी नावाच्या डिरेक्टरीत बसवते, पॅकेजची नोंद तिथेच ठेवते आणि प्रत्येक प्रोग्रॅममध्ये रनपाथ आपोआप नोंदवते. म्हणजे वर सांगितलेला नियम ती मुळातच पाळते. पॅकेज काढून टाकायचे झाले तर त्याच्या सर्व फाइल निघून जातात, आणि कोणते पॅकेज कशावर अवलंबून आहे हेही विचारता येते.

अडचण एवढीच की सोलारिस १० आता जुने झाले आहे आणि नव्या पॅकेजेसचे लेखक त्याचा विचार करत नाहीत. त्यामुळे एखादे पॅकेज मध्येच अडकते आणि त्याला स्वतः पॅच लावावा लागतो. यासाठी पीकेजीएसआरसीच्या दर तिमाहीला निघणाऱ्या स्थिर शाखांपैकी एक जुनी शाखा घेऊन तिच्यावरच राहावे, रोज बदलणाऱ्या मुख्य शाखेच्या मागे लागू नये. ओपनसीएसडब्ल्यूची तयार पॅकेजेस सोलारिस १० साठी सर्वांत सोयीची होती, परंतु ती /ऑप्ट/सीएसडब्ल्यू मध्येच बसतात आणि तिथे लिहायला रूट लागतो. अ‍ॅडमिन तयार असतील तर त्यांच्याशी त्याविषयी जरूर बोलावे.

त्यांच्याशी बोलताना एक काळजी घ्या. कोणी सुचवेल की 'सीआरएलई' या आज्ञेने लोडरच्या ठरलेल्या जागांमध्येच आपली लिब घालावी. ते काम रूटचे आहे आणि धोक्याचेही. त्या आज्ञेला -एल बरोबर -यू हा पर्याय दिला नाही तर आधीच्या जागा पुसल्या जाऊन फक्त नवी जागा उरते, आणि मग /यूएसआर/लिब मधील लायब्ररीवर अवलंबून असलेल्या आज्ञाही चालेनाशा होतात. अनेकांच्या वापरातील मशीनवर एका माणसाच्या कंपायलरसाठी ही जोखीम घेऊ नये.

---

स्पार्क_वापरकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. जुना_लिंकर यांनी सांगितल्याप्रमाणे तिन्ही सोर्स जीसीसीच्या आत ठेवून, .प्रोफाइल मधील ती ओळ काढून, स्थानिक डिस्कवर नव्याने बिल्ड केले. 'सफिक्स'चा संदेश आला नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातील ऑब्जेक्ट फाइलची तुलनाही बिनतक्रार पार पडली. विभागाचा ६४ बिटांचा प्रोग्रॅम माझ्या शेलमधून पुन्हा चालू लागला आहे. 'एन्व्ह -आय'ची तपासणी मला फार उपयोगी वाटली. पहिल्या वेळी तिथे प्रोग्रॅम अडला, कारण एका मेकफाइलमध्ये -आर द्यायचे राहिले होते.

त्यावरूनच पुढचा प्रश्न. आमच्याकडे लहान-मोठ्या बऱ्याच मेकफाइल आहेत आणि त्या वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या आहेत. प्रत्येकीत -आर घालण्यावर विसंबून राहिले तर ते कुठेतरी सुटणारच. एलडी_रन_पाथ नावाचे व्हेरिएबल आहे असे वाचले. ते वापरावे का? आणि लवकरच अ‍ॅडमिन या मशीनवर सोलारिसचे पॅच लावणार आहेत. त्याचा माझ्या कंपायलरवर परिणाम होईल का?

---

जुना_लिंकर

एलडी_रन_पाथ हे एलडी_लायब्ररी_पाथ पेक्षा नक्कीच बरे, कारण ते फक्त लिंक करताना वाचले जाते आणि पत्ता फाइलमध्येच नोंदवला जातो. परंतु त्याला एक मर्यादा आहे: लिंकच्या आज्ञेत कुठेही -आर आला असेल तर हे व्हेरिएबल पूर्णपणे दुर्लक्षिले जाते. वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या मेकफाइलमध्ये कोणीतरी स्वतःच्या लायब्ररीसाठी -आर लिहिलेले असेल, आणि नेमक्या त्याच प्रोग्रॅममध्ये आपला रनपाथ नसेल. सनच्या लिंकरला एलडी_ऑप्शन्स हे व्हेरिएबलही समजते आणि त्यात लिहिलेला -आर इतर पर्यायांबरोबर जोडला जातो, त्यामुळे ते या बाबतीत अधिक भरवशाचे आहे. पण ही दोन्ही व्हेरिएबल पुन्हा शेलवरच विसंबतात. सहकाऱ्याने आपला कंपायलर वापरून स्वतःच्या लॉगिनमधून बिल्ड केले तर त्याच्याकडे ती नसतील.

म्हणून पत्ता कंपायलरलाच शिकवावा. जीसीसी लिंकरला कोणते पर्याय द्यायचे हे त्याच्या आतील स्पेक्सवरून ठरवते आणि ते स्पेक्स बाहेर काढून बदलता येतात. 'जीसीसी -डंपस्पेक्स' या आज्ञेचे उत्तर एका फाइलमध्ये साठवा. त्या फाइलमध्ये तारांकित 'लिंक' असे शीर्षक असलेला भाग शोधा. त्याखालच्या ओळीच्या शेवटी असे जोडा की -एम६४ हा पर्याय दिला असेल तर लिब/स्पार्कव्ही९ चा -आर जावा आणि दिला नसेल तर लिबचा जावा. स्पेक्सच्या लिपीत अशी अट टक्क्याच्या चिन्हाने आणि महिरपी कंसांनी लिहितात आणि 'नसेल तर' साठी उद्गारचिन्ह वापरतात. त्याच भागात आणि आजूबाजूला अशा अटी आधीपासून असतात, त्यांच्याकडे पाहून लिहिले की चुकत नाही. ती ओळ मध्येच तोडू नका. ही फाइल 'स्पेक्स' या नावाने प्रीफिक्सच्या आत लिब/जीसीसी/स्पार्क-सन-सोलारिस२.१०/५.५.० या डिरेक्टरीत ठेवा. मग 'जीसीसी -व्ही' दिल्यावर पहिल्याच ओळीत, 'बिल्ट-इन स्पेक्स वापरत आहे' याऐवजी त्या फाइलचा पाथ दिसेल. तो दिसला की पुढे कोणाच्याही मेकफाइलमध्ये काहीही न लिहिता प्रत्येक प्रोग्रॅममध्ये रनपाथ जाईल, आणि मेकफाइलमधील स्वतःचे -आर सुद्धा त्याच्या जोडीने टिकून राहतील.

तयार प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर न्यायचा असेल तर गोष्ट वेगळी होते, कारण तिथे आपली होम डिरेक्टरी नसू शकते. एकटाच प्रोग्रॅम असेल तर -स्टॅटिक-लिबजीसीसी आणि -स्टॅटिक-लिबएसटीडीसी++ हे दोन पर्याय देऊन या दोन्ही लायब्ररी त्याच्यातच मिसळाव्यात. जीसीसीच्या रनटाइम लायब्ररींना परवान्यात स्वतंत्र सवलत दिलेली आहे, त्यामुळे असे करण्याने आपला प्रोग्रॅम जीपीएल या जीसीसीच्या मुक्त परवान्याखाली येत नाही. मात्र आपला प्रोग्रॅम स्वतःच्या .एसओ फाइल घेऊन येत असेल आणि एका .एसओ मधून फेकलेले एक्सेप्शन दुसरीकडे पकडले जात असेल, तर प्रत्येक तुकड्यात या लायब्ररींची वेगळी प्रत नसावी. अशा वेळी लिबएसटीडीसी++ आणि लिबजीसीसी_एस यांच्या .एसओ फाइल प्रोग्रॅमबरोबरच द्याव्यात आणि रनपाथमध्ये $ओरिजिन/../लिब असे लिहावे. लोडर $ओरिजिनच्या जागी प्रोग्रॅम ज्या डिरेक्टरीत असेल ती डिरेक्टरी घेतो, मग ती कोणत्याही मशीनवर कुठेही असो. मेकफाइलमध्ये हे लिहिताना डॉलरचे चिन्ह दोनदा लिहावे आणि संपूर्ण पर्याय एकेरी अवतरणात ठेवावा, नाहीतर आधी मेक आणि मग शेल तो शब्द गिळून टाकतात आणि रनपाथमध्ये अर्धवट पाथ उरतो. 'डंप -एलव्ही'मध्ये $ओरिजिन अक्षरशः जसाच्या तसा दिसला तर ते बरोबर झाले.

पॅचविषयी आपण आधीच विचारले हे चांगले केले. जीसीसी बसवताना सोलारिसच्या काही हेडर फाइल तपासून त्यांच्या दुरुस्त केलेल्या प्रती स्वतःच्या इन्क्लूड-फिक्स्ड डिरेक्टरीत ठेवते आणि पुढे कंपाइल करताना /यूएसआर/इन्क्लूड मधील मूळ फाइलच्या आधी त्या प्रती वाचते. पॅचने मूळ हेडर बदलल्या तरी आपल्या प्रती जुन्याच राहतात. मग एखादा टाइप दोनदा घोषित झाला आहे किंवा एखादा स्ट्रक्चर अपुरा आहे अशा त्रुटी आपल्या कोडशी काही संबंध नसताना दिसू लागतात, आणि माणूस स्वतःचा कोड तपासत बसतो. यासाठी जीसीसीबरोबर एमकेहेडर्स नावाची स्क्रिप्ट येते. ती प्रीफिक्सच्या आत लिबएक्सेक/जीसीसी/स्पार्क-सन-सोलारिस२.१०/५.५.०/इन्स्टॉल-टूल्स मध्ये असते. पॅच लागून मशीन पुन्हा सुरू झाले की ती एकदा चालवा. ती दुरुस्त प्रती नव्या हेडरवरून पुन्हा तयार करते आणि त्यासाठी कंपायलर नव्याने बिल्ड करावा लागत नाही.

पॅकेज_बांधणी यांचा सल्ला पुढच्या साधनांसाठी मलाही पटतो. जीडीबी आणि गिट पीकेजीएसआरसीमधून घ्या, आणि बूटस्ट्रॅप करताना सीसी या व्हेरिएबलमध्ये आपला स्पेक्स बदललेला नवा कंपायलर द्या. मात्र एका मर्यादेची नोंद असू द्या: जीसीसीने सोलारिस १० ला नवव्या आवृत्तीत कालबाह्य ठरवले आणि दहाव्या आवृत्तीत ते काढून टाकले. पुढे नवी आवृत्ती हवी झाली तर ९ पर्यंतच जाता येईल, आणि ९ च्या कॉन्फिगरला --एनेबल-ऑब्सोलीट द्यावे लागेल. सी प्लस प्लस १४ पुरते पाहायचे तर ५.५ मध्ये भाषेचे सर्व भाग आहेत, त्यामुळे ही मांडणी एकदा चालू लागली की आवृत्तीच्या मागे धावण्याचे कारण मला दिसत नाही.

---

स्पार्क_वापरकर्ता

स्पेक्स फाइल बसवली आहे. सहकाऱ्याने स्वतःच्या लॉगिनमधून, स्वतःच्या मेकफाइलने, कोणतेही व्हेरिएबल न लावता प्रोग्रॅम बिल्ड केला, आणि 'डंप -एलव्ही'मध्ये त्याचा आधीचा -आर व आपला लिब असे दोन्ही पाथ एकापुढे एक दिसले. पॅच लागले की आपणच एमकेहेडर्स चालवायची आहे, ही नोंद मी अ‍ॅडमिनकडेही दिली आहे, म्हणजे पॅचची तारीख ठरली की ते मला कळवतील.

---

पॅकेज_बांधणी

त्या नोंदीबरोबर कॉन्फिगरची पूर्ण आज्ञाही जपून ठेवा. हाताने लिहिलेली राहिली नसली तरी 'जीसीसी -व्ही'च्या उत्तरात 'कॉन्फिगर्ड विथ' या ओळीत ती सापडते. बिल्डच्या वेळचा पाथ आणि कॉन्फिग_शेल मात्र त्या ओळीत नसतात. ते आपणच लिहून ठेवायला हवेत, आणि ते एका लहान शेल स्क्रिप्टमध्ये ठेवून ती स्क्रिप्ट टूल्स/जीसीसी-५.५ च्या आतच ठेवली तर आपल्यानंतर ते मशीन सांभाळणाऱ्यालाही ती सापडेल.